अमीर अलीची जबानी आणि साहेबाची लेखणी

मराठी समीक्षेने रहस्यकथेला कधी बैठकीत बसवले नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर कादंबऱ्या लिहिल्या, धनंजय, झुंजार आणि काळापहाड यांनी दोन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली; पण वाङ्मयाच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला चार ओळीही धड येत नाहीत. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या घरात तर अशा पुस्तकांचे दोन ढीग होते. मी मराठी शाळेत शिकत होतो, म्हणून माझ्या उशाशी अर्नाळकर. अब्बा उर्दू वाचत, म्हणून त्यांच्या उशाशी इब्ने सफी. १९५२ साली सुरू झालेल्या ‘जासूसी दुनिया’तले फरीदी-हमीद आणि नंतरचा इमरान हे आमच्या घरचेच लोक होते. अब्बा रात्री मोठ्याने वाचत आणि अम्मी चूल आवरता आवरता खुनी कोण ते आधीच सांगून टाकी.

या वाचनाने एक सवय लागली. गोष्ट कोण सांगतो आहे आणि काय लपवतो आहे, हे आधी पाहायचे. त्या सवयीने मी एक जुनी कादंबरी पुन्हा वाचली. तिच्याविषयी मराठी वाचकांशी, त्यातही मुस्लिम मराठी वाचकांशी, थोडे बोलायचे आहे. कादंबरी फिलिप मेडोज टेलर यांची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’. ती १८३९ साली तीन खंडांत लंडनला प्रसिद्ध झाली आणि तिकडे फार गाजली. काटेकोर अर्थाने ही गुप्तहेर कादंबरी नाही. खुनी कोण हे पहिल्याच पानावर कळते. पण एका पंथाच्या नावाने झालेले खून, त्यांचा तपास, माफीचा साक्षीदार आणि त्याची जबानी हा सारा ऐवज इथे आहे. शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी निघायला अजून ४८ वर्षे होती. पुढे पंथ आणि खून यांची सांगड घालणाऱ्या जितक्या कथा आल्या, त्यांच्या मूळपुरुषांत या पुस्तकाची गणना करावी लागेल.

टेलर आपल्या मुलखाला परके नाहीत. १८०८ साली लिव्हरपूलला जन्मलेला हा माणूस पोरवयात मुंबईला आला, निजामाच्या फौजेत शिरला आणि आयुष्याचा मोठा भाग हैदराबाद राज्यात राहिला. नळदुर्ग, सुरपूर आणि काही काळ बुलढाणा अशा ठिकाणी त्यांनी कारभार केला. त्या वेळी वऱ्हाड निजामाचा होता. १८५३ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. आजचा यवतमाळ जिल्हा पूर्वी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. कादंबरीतली टोळी नागपूर, अमरावती करीत हैदराबादेकडे उतरते. वऱ्हाडातून दक्षिणेकडे जाणाऱ्या या वाटा आमच्या ओळखीच्या आहेत. आज तिथे एसटी धावते. त्या काळी सावकार, मुन्शी, शिपाई आणि यात्रेकरू जत्था करून जात, कारण एकट्याने जाणे धोक्याचे होते. नेमका हाच जत्था ठगांचे हत्यार होता.

कथा थोडक्यात अशी. पाच-सहा वर्षांचा पठाणाचा मुलगा आईबापांबरोबर प्रवासाला निघतो. वाटेत ठग आईबापांना मारतात. टोळीतल्या इस्माईलला मुलगा आवडतो. तो त्याला मुलगा म्हणून वाढवतो. गणेशा नावाच्या जमादाराला हे मूलही मारायचे असते. मुलगा मोठा होतो, तो अमीर अली. इस्माईल त्याला आपला धंदा हळूहळू उलगडून सांगतो, दीक्षा देतो, गुळाचा प्रसाद खायला देतो, हाती रुमाल देतो. पुढे अमीर अली स्वतःच जमादार होतो, चितू पेंढाऱ्याच्या लुटीतही सामील होतो. झालोनचा राजा ठगांकडून पैसा खाऊन शेवटी उलटतो. इस्माईलला हत्तीच्या पायी देतो आणि अमीर अलीला बारा वर्षे कैदेत टाकतो. पतीचा धंदा माहीतच नसलेली त्याची बायको अझीमा ते ऐकून प्राण सोडते. एका स्त्रीच्या गळ्यातला ताईत आपल्या मुलीसाठी हवा, म्हणून त्याने तिला मारलेले असते. ती आपली सख्खी बहीण होती, हे त्याला फार उशिरा कळते. अखेर इंग्रजांच्या हाती सापडल्यावर तो माफीचा साक्षीदार होतो, आईबापांचा खुनी गणेशा फासावर चढताना पाहतो आणि साहेबाला आपली हकीकत सांगतो. खुनांची संख्या सांगतो ७१९. बारा वर्षे तुरुंगात गेली नसती तर हजार भरले असते, याची त्याला हळहळ वाटते.

या कादंबरीचे बळ रक्तपातात नाही. टोळी माणूस कसा जिंकते, याचे बारीक चित्रण हे तिचे बळ आहे. ठगांची कामे वाटलेली असतात. सोठा हा गोड बोलून वाटसरूंना जवळ करणारा, भुत्तोट हा गळा आवळणारा, लुघाई हा आधीच खड्डे खणून ठेवणारा. यांत खरा कलावंत सोठा. तो तुमच्या गावची चौकशी करतो, तुमच्या भीतीला दुजोरा देतो आणि वाट धोक्याची आहे, आमच्याबरोबर चला, असे सांगतो. म्हणजे ज्याच्यापासून धोका, तोच रक्षक होऊन येतो. पंथ चालवणारा कोणताही लबाड माणूस आजही असेच वागतो. आधी भीती पेरायची, मग स्वतःच आसरा व्हायचे.

दुसरी पायरी अमीर अलीवरची. त्याला कोणी मारूनमुटकून ठग करीत नाही. त्याला प्रेम मिळते, मान मिळतो, पोराच्या वयात मोठ्यांच्या मसलतीत जागा मिळते. गुपितात सहभागी होण्याचा गर्व मिळतो. खून करणारा मी नव्हे, देवीने ठरवलेले माझ्या हातून घडते, अशी सोयही मिळते. शकुन चांगला झाला की जबाबदारी संपली. अमीर अली नमाज पढतो, खानदानाचा अभिमान धरतो, नीटनेटका राहतो, आपल्या मुलांवर जीव टाकतो आणि दुसऱ्याच्या मुलांना अनाथ करतो. हे दोन्ही त्याच्यात शेजारी शेजारी नांदते, आणि टेलर ते उपदेश न करता दाखवतात. पंथ माणसाची सद्सद्विवेकबुद्धी मारत नाही, तिला सुट्टी देतो, हे या पात्रावरून जितके कळते तितके भल्याभल्या ग्रंथांवरून कळत नाही.

मुस्लिम वाचकाच्या मनात इथे प्रश्न येतोच. नायक मुसलमान, पूजा भवानीची, धंदा खुनाचा. मग हे पुस्तक आपल्या बदनामीचे आहे काय? मला तसे वाटत नाही. टोळीत इस्माईल आहे तसा गणेशा आहे. मारले गेलेल्यांत हिंदू सावकार आहेत, तसे मुसलमान प्रवासीही पुष्कळ आहेत. टेलरना उर्दू चांगले येत होते, या समाजात त्यांची ऊठबस होती, आणि ते आपल्या पात्रांना माणूस म्हणून पाहतात. आक्षेप घ्यायचा तर दुसरीकडे घ्यावा लागतो, आणि तो अधिक गंभीर आहे.

जबानी अमीर अलीची आहे, पण लेखणी साहेबाची आहे. कैदी बोलतो, कारण बोलला नाही तर फाशी. साहेब मधून मधून विचारतो, चकित होतो, शहारतो. साहेबाच्या राज्यात त्याच वाटांवर बेकार झालेले शिपाई, उद्ध्वस्त कारागीर आणि भुकेले लोक का वाढले, हे मात्र कोणी कोणाला विचारत नाही. रहस्यकथेचा नियम असा की पोलिसाला प्रश्न विचारायचा नसतो. इथे पोलीसच लेखक आहे.

विल्यम स्लीमन यांचा ‘रामसीआना’ हा ठगांच्या बोलीवरचा ग्रंथ १८३६ मध्ये निघाला. तोही माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर उभा आहे. त्याच वर्षीच्या कायद्याने, ठगांच्या टोळीचा माणूस एवढे सिद्ध झाले तरी जन्मभर सक्तमजुरी देता येऊ लागली. अमुक खून अमुक ठिकाणी केला, हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. अलीकडच्या इतिहासकारांनी, विशेषतः किम वॅग्नर यांनी २००७ च्या आपल्या ग्रंथात, हे सारे पुन्हा तपासले आहे. वाटमारी करून गळा आवळणाऱ्या टोळ्या होत्या, हे ते नाकारत नाहीत. पण देशभर पसरलेला, खून हाच धर्म मानणारा एकच प्राचीन पंथ, हे चित्र बरेचसे कचेरीत तयार झाले, असे त्यांच्या मांडणीतून दिसते. त्या चित्राला रंग मात्र कादंबरीने भरला. हॉलिवूडच्या १९८४ च्या ‘टेंपल ऑफ डूम’पर्यंत तो रंग टिकला.

कायद्याची वाट इथेच थांबली नाही. १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला आणि १९११ च्या कायद्याने तो ब्रिटिश हिंदुस्थानात सर्वत्र नेता आला. काही जमाती जन्मानेच गुन्हेगार, असे सरकारने लिहून टाकले. १९५२ साली हा कायदा गेला आणि त्या जमाती विमुक्त झाल्या. डोक्यावरचा शिक्का गेला नाही. आमच्या जिल्ह्यात पारध्यांचे बेडे आहेत. कुठे चोरी झाली की पहिली चौकशी तिथे, हे सर्वांना ठाऊक आहे. मी शिक्षक असताना एका शाळेत कुणाचे तरी पैसे हरवले. वर्गात चाळीस पोरे होती. झडती एकाच पोराची झाली. पैसे दुसऱ्या दिवशी मालकाच्याच दप्तरात सापडले. तो पोरगा पुन्हा शाळेत आला नाही. मी त्या झडतीच्या वेळी गप्प उभा होतो, हेही इथे लिहिले पाहिजे.

आता गंमत पाहा. जन्माने गुन्हेगार या कल्पनेला सर्वांत मोठे उत्तर टेलर यांच्या कादंबरीतच आहे. अमीर अली ठगाच्या पोटी जन्मलेला नाही. तो ठगांनी मारलेल्या आईबापांचा मुलगा आहे. त्याला ठग रक्ताने केले नाही, संगोपनाने केले. तीच आई जिवंत राहती तर तो कुठल्यातरी गावचा पाटील-जमादार झाला असता. कादंबरीकार टेलर यांना हे दिसले होते. त्यांच्या मागून आलेल्या कायद्याने ते पाहिले नाही. म्हणून ही कादंबरी फेकून देण्याऐवजी तिच्याच साक्षीने त्या कायद्याला दोषी ठरवावे, असे मला वाटते.

दुसरे उत्तर मराठीत आहे. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आले, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये. ‘उचल्या’त लहान पोरांना चोरीचे शिक्षण कसे मिळते, मार सोसायला कसे शिकवतात, हे आहे. अमीर अलीच्या शिक्षणाशेजारी ते ठेवून वाचावे. प्रसंग सारखे वाटतात, पण प्रकाश दुसरीकडून येतो. इथे देवी नाही, शकुनाचे गूढ नाही. भूक आहे आणि पोलिसाची काठी आहे. कारण लेखणी ज्याची जबानी त्याच्याच हातात आहे. ‘कन्फेशन्स’ ते ‘उचल्या’ हा दीडशे वर्षांचा प्रवास म्हणजे लेखणी एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याचा प्रवास आहे. मुस्लिम मराठी साहित्याची चळवळ तरी दुसरे काय मागत होती? आमच्याविषयी लिहा, पण आम्हालाही लिहू द्या.

परंतु लेखणी हाती आल्यावर आपली जबाबदारीही वाढते. पंथाची भूल ही इंग्रजांनी रचलेली गोष्ट, असे म्हणून हात झटकता येत नाहीत. १९७० च्या दशकात मानवतच्या खुनांनी महाराष्ट्र हादरला होता. आमच्याच जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात, २०१२ मध्ये एका लहान मुलीचा नरबळी दिला गेला. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, तेव्हा कुठे जादूटोणाविरोधी कायदा झाला. हा कायदा माझ्या दृष्टीने १८३६ आणि १८७१ च्या नेमका उलट आहे. तो जात, जमात, धर्म पाहत नाही, कृत्य पाहतो. भोंदू बाबा आणि पैसे घेऊन जिन्न उतरवणारा आमिल यांना तो एकाच रांगेत उभे करतो. आपल्या मोहल्ल्यातही सोठे आहेत, हे आपणच लिहायला हवे. दुसऱ्याने लिहिले की बदनामी वाटते. आपण लिहिले नाही की ती खरी वाटू लागते.

अशी रहस्यकादंबरी मराठीत मला वाचायची आहे. पांढरकवड्याच्या किंवा उमरखेडच्या बाजारात घडणारी. तिचा तपास करणारा माणूस खुनी शोधील, पण बेड्यावर जाऊन पहिल्या दिसेल त्याची मान धरणार नाही. ती गोड बोलणाऱ्या सोठ्याला ओळखील, मग त्याची टोपी कोणत्याही रंगाची असो. आणि जिच्या गळ्यातला ताईत गेला, त्या बहिणीलाही बोलू देईल. टेलर यांच्या कादंबरीत तिला एक शब्दही नाही. ७१९ खुनांची जबानी आपण पानेच्या पाने वाचतो. मेलेल्यांपैकी एकाचीही जबानी त्यात नाही. अम्मी आज असती तर तिने हे पुस्तक अर्ध्यावरच थांबवून विचारले असते, त्या बाईचे नाव काय होते?