बोरीची राख : वय नेमके कशाचे?

आपल्या शेतकऱ्याने जमिनीला दोन नावे केव्हाच देऊन ठेवली आहेत. पिकते ती काळी, वस्तीची ती पांढरी. माणसाच्या राहण्याने मातीचा रंग आणि पोत पालटतो ही जाण त्या जोडशब्दात आहे, आणि भूपुरातत्त्वाचा पायाही तोच आहे. अवशेष हाती घेण्याआधी तो ज्या थरात सापडला तो थर कसा बनला, हे शास्त्र विचारते. मराठीत प्रागैतिहासाविषयी लिहिताना मात्र आपण बहुधा एकाच प्रश्नावर थांबतो : किती जुने? या सवयीने काय बिघडते हे पाहायचे तर जुन्नर तालुक्यातल्या बोरीकडे पाहावे.

बोरी गाव कुकडीच्या काठी आहे. १९८०च्या दशकात डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांना तिथल्या नदीगाळात ज्वालामुखीय राखेचा थर आढळला. दख्खनचे ज्वालामुखी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. त्या मानाने हा गाळ कालपरवाचा. म्हणजे राख दुरून आलेली होती. शिवाय त्याच गाळात अश्युलियन परंपरेच्या दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या. राखेचे वय ठरले तर हत्यारांचेही ठरेल, ही आशा स्वाभाविक होती.

मग आकडे आले. पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने पहिल्यांदा सुमारे १४ लाख वर्षे निघाली. १९९५मध्ये शीला मिश्रा आणि सहकाऱ्यांनी आर्गॉनच्याच सुधारित पद्धतीने ६.७ लाखांचा निष्कर्ष मांडला. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने राखेतील काचकणांची रासायनिक घडण तपासली आणि ही राख सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या सर्वांत अलीकडच्या, ७५ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची असल्याचे सांगितले. या दुसऱ्या गटात रवी कोरीसेट्टर होते; बोरीच्या राखेवरील आरंभीच्या लेखनातही त्यांचे नाव आहे. २०११मध्ये बोरी आणि मोरगावच्या राखेसाठी पुन्हा सात-आठ लाखांच्या घरातले वय पुढे आले. २०१४मध्ये एकेका काचकणातील सूक्ष्म मूलद्रव्ये मोजून भारतातली ज्ञात टोबा-राख सगळी ७५ हजार वर्षांपूर्वीचीच, असा निर्वाळा देण्यात आला.

दहापट फरकाची ही दोन उत्तरे वेगवेगळ्या वस्तूंकडून आलेली आहेत. आर्गॉनचे घड्याळ खनिजाचे वय सांगते. नदीने राखेत जुन्या बेसॉल्टचे चार कण मिसळले तरी सरासरी वय फुगते. काचेचे रसायन राखेचे कूळ सांगते. पण टोबाचे मोठे उद्रेक एकाहून अधिक झाले आणि त्यांची घडण एकमेकींच्या जवळची आहे, म्हणून कूळ ओळखण्यातही वादाला जागा राहिली. रसायनाचा पुरावा आज मला अधिक भक्कम वाटतो, कारण त्यात प्रत्येक कण वेगळा तपासलेला आहे.

तरीही हत्यारांचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. इथे तीन घटना आहेत : राख ज्वालामुखीतून उडाली, राख कुकडीच्या गाळात स्थिरावली, आणि माणसाने दगड घडवला. या तीन घटनांचा काळ एकच असेल असे नाही. राख ७५ हजार वर्षांची ठरली आणि ती स्फोटानंतर लगेच तिथे स्थिरावली असेल, तर तिच्याखालच्या अबाधित थरातली हत्यारे निदान तेवढी जुनी. कितीने अधिक, ते राख सांगत नाही. गोट्यांच्या थरातली हत्यारे तर नदीने आणखी जुन्या जागेवरून वाहून आणलेली असू शकतात. लोकप्रिय लेखनात मात्र राखेचा आकडा थेट हत्याराला चिकटतो आणि तिथून 'महाराष्ट्रातला आद्य मानव' उभा राहतो. मोठा आकडा आला की अभिमान, लहान आला की हिरमोड. वास्तविक तमिळनाडूतील अत्तिरमपक्कम येथे अश्युलियन हत्यारांचे वय सुमारे १५ लाख वर्षांपर्यंत गेल्याचे २०११मध्ये प्रसिद्ध झाले. भारतातल्या अश्युलियन परंपरेचे प्राचीनत्व बोरीच्या राखेवर अवलंबून उरलेले नाही.

बोरीचे खरे मोल नदीच्या इतिहासात आहे. कुकडीने गाळ केव्हा साठवला, केव्हा कापला, पावसाळे सबळ होते की क्षीण, हे त्या दरडीत नोंदलेले आहे. गाळाचा कण शेवटचा उजेडात कधी आला हे मोजणारी दीप्तिमापन पद्धत नव्या अभ्यासकाला इथे उपयोगी पडेल. मात्र बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ नसते, त्यामुळे त्या पद्धतीचा नेहमीचा आधार दख्खनच्या नद्यांत दुर्मीळ असतो आणि फेल्डस्पारच्या कणांकडे वळावे लागते. काम किचकट आहे, बातमी होण्याजोगे नाही, आणि त्याला मुदत आहे. वाळूउपसा, सपाटीकरण आणि पूर यांनी नदीकाठच्या दरडी नाहीशा होतात. हत्यार संग्रहालयात ठेवता येते, दरड ठेवता येत नाही. ती गेली की कोणते वय कशाचे, हे ठरवण्याची सोयही जाते.

म्हणून पुढल्या वेळी प्राचीनत्वाचा एखादा नवा आकडा छापून आला, तर मराठी वाचकाने आधी विचारावे : हे वय कशाचे, आणि ती वस्तू त्या थरात आली कशी? काळी आणि पांढरी वेगळी ओळखणाऱ्या भाषेला हा प्रश्न अवघड जाऊ नये.