‘लक्ष्य’ या संज्ञेची व्याप्ती : एका पत्त्यांच्या खेळातील अर्थप्रश्न

रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला, ‘मॅजिक अरीना’ हे त्याचे संगणकीय रूप २०१९ मध्ये अधिकृतपणे खुले झाले. या खेळात पत्त्यावरील वाक्य हाच विधी होय. त्याचा अर्थ चुकला की डाव हातचा जातो. नवख्या खेळाडूस विशेष चकविणारा शब्द म्हणजे ‘टार्गेट’, अर्थात लक्ष्य.

व्यवहारात ज्याच्यावर परिणाम घडतो त्यास लक्ष्य म्हणतात. खेळाच्या नियमग्रंथाला हा अर्थ मान्य नाही. पाणिनीच्या व्याकरणात ‘वृद्धि’ म्हणजे वाढ नव्हे, तर आ, ऐ, औ हे वर्ण. तद्वतच येथे ‘लक्ष्य’ ही पारिभाषिक संज्ञा आहे. पत्त्यावर अथवा संबंधित नियमात तो शब्द असेल तरच लक्ष्यत्व सिद्ध होते. ‘हेक्सप्रूफ’ हा गुण असलेला प्राणी प्रतिपक्षाचे लक्ष्य होऊ शकत नाही. म्हणून एका लक्ष्य-प्राण्याचा नाश सांगणारा ‘मर्डर’ त्याच्यावर योजताच येत नाही. उलट ‘रॅथ ऑफ गॉड’ सर्वच प्राण्यांचा संहार सांगतो, कोणासही लक्ष्य करीत नाही. त्यात तो प्राणीही मरतो. ‘डायबॉलिक इडिक्ट’चे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. त्याचे लक्ष्य खेळाडू. कोणत्या प्राण्याचा त्याग करावयाचा हे तो खेळाडू ठरवितो. त्याच्याजवळ एकच प्राणी असल्यास हेक्सप्रूफ असूनही तोच जातो.

लक्ष्याची वैधता दोनदा तपासली जाते : पत्ता खेळताना आणि त्याचा परिणाम घडण्याच्या क्षणी. मधल्या अवकाशात सर्व लक्ष्ये अवैध झाली, तर पत्त्याचा अन्य परिणामही घडत नाही; काही वैध उरली, तर शक्य तेवढे घडते.

येथवर नियमाची शिस्त निर्दोष आहे. दोष आढळतो तो ‘पॅसिफिझम’सारख्या पत्त्यांत. त्याच्या मूळ नियमवाक्यात ‘लक्ष्य’ हा शब्द नाही. तो ‘एन्चांट’ या संज्ञेच्या व्याख्येत दडलेला आहे. हा पत्ता रीतसर खेळला तर तो लक्ष्य करतो. अन्य पत्त्याच्या प्रभावाने थेट पटावर आला तर केवळ निवड होते, आणि हेक्सप्रूफ प्राण्यासही तो जडतो. शब्द पाहून अर्थ लावावा ही शिकवण देणारा ग्रंथ येथे शब्दच लपवितो.

संगणकीय रूपात वैध पर्याय उजळून दिसतात व अवैध पर्याय निवडताच येत नाहीत. त्यामुळे वाद मिटतो, परंतु कारण कळत नाही. शिवाय यंत्र वर्तमान क्षणाची वैधता दाखविते. प्रतिपक्ष पुढे ती कशी हिरावून घेईल, हे दाखवीत नाही. तो विचार संज्ञेचा अर्थ जाणणाऱ्या खेळाडूलाच करावा लागतो. यंत्राने वाचनाचे श्रम हलके केले. वाचनाची गरज मात्र तशीच राहिली.