टेबलापाशी उभा असलेला तातार

टॉलस्टॉयच्या 'ॲना कॅरेनिना'ची चर्चा बहुधा ॲनापासून सुरू होते आणि आगगाडीपाशी संपते. मला या कादंबरीच्या पहिल्या भागातला मॉस्कोमधला एक दिवस अधिक महत्त्वाचा वाटतो. खेड्यातला जमीनदार लेव्हिन किटीला मागणी घालायला शहरात आला आहे. दुपारी चार वाजता तो प्राणिसंग्रहालयाच्या बागेत पोहोचतो. गोठलेल्या बर्फावर स्केटिंग करायला तिथे मॉस्कोतली बडी कुटुंबे जमलेली असतात. बर्फाने वाकलेली बर्च झाडे लेव्हिनला सणाचा पोशाख केल्यासारखी दिसतात. किटी आहे, तिची जुनी फ्रेंच शिक्षिका आहे. दोघे हातात हात घेऊन बर्फावरून फिरतात. किती दिवस राहणार, असे ती सहज विचारते, आणि ते तुमच्यावर अवलंबून आहे असे बोलून गेल्यावर लेव्हिनच घाबरतो. रात्री ती त्याला नकार देणार आहे. मधल्या वेळात लेव्हिन आपला मित्र स्टीव्हा, म्हणजे ॲनाचा भाऊ, याच्याबरोबर 'अँगलेटेर'मध्ये जेवायला जातो. स्टीव्हा हेच हॉटेल निवडतो, कारण दुसऱ्या हॉटेलापेक्षा इथे त्याची उधारी जास्त आहे आणि अशा ठिकाणी जायचे टाळणे त्याला बरे वाटत नाही!

या जेवणाचा अर्थ समीक्षकांनी ठरवून टाकलेला आहे: लेव्हिन म्हणजे गावाकडचा साधेपणा, स्टीव्हा म्हणजे शहरी चैन. एकाला कोबीचे सार आणि काशा, म्हणजे भरड धान्याची लापशी, हवी असते; दुसरा कालवे, टर्बट मासा आणि शॅम्पेन मागवतो. अर्थ चुकीचा नाही, पण तो टेबलाशी बसलेल्या दोघांपुरताच आहे. टेबलापाशी तिसरा माणूस उभा आहे. पांढऱ्या केसांचा, रुंद कमरेचा, मागे फाकलेला टेलकोट घातलेला म्हातारा वेटर. टॉलस्टॉय त्याला नाव देत नाही. तो फक्त 'तातार' आहे.

टॉलस्टॉयने धर्माचा उच्चार केलेला नाही. त्या काळच्या रशियन वाचकाला तो करून दाखवण्याची गरजही नव्हती. मॉस्को आणि पीटर्सबर्गच्या मोठ्या हॉटेलांत तातार वेटर असणे ही नित्याची गोष्ट होती. त्यांतले पुष्कळसे ओका नदीकाठच्या कासिमोव भागातून येत. पंधराव्या शतकात मॉस्कोच्या आश्रयाने जिथे खानाचे राज्य उभे राहिले होते, तो हा भाग. मॉस्कोत तातारांची जुनी वस्ती होती आणि तिथे १८२३ साली बांधलेली मशीदही होती. मुसलमान दारूला शिवत नाही, म्हणून मालकाला तो नोकर म्हणून भरवशाचा वाटे. दारू पीत नाही म्हणून दारू वाढायला ठेवलेला माणूस! शॅम्पेनचे बूच काढून ग्लास भरताना हा म्हातारा स्टीव्हाकडे बघून समाधानाने हसतो, एवढे टॉलस्टॉयने टिपले आहे.

आणखी एक गोष्ट त्याने टिपली आहे, आणि मी या प्रकरणाकडे वळलो तो तिच्यामुळे. स्टीव्हा पदार्थांची नावे मुद्दाम रशियनमध्ये सांगतो. वेटरला ही त्याची सवय ठाऊक आहे, म्हणून तो मध्ये बोलत नाही. मात्र शेवटी न राहवून सगळी यादी तो फ्रेंचमधून एका दमात म्हणून दाखवतो. त्यात त्याला आनंद मिळतो, असे टॉलस्टॉय स्पष्ट लिहितो. लेव्हिनच्या लापशीलाही तो फ्रेंच नाव जोडतो, आणि दाईने मुलावर वाकावे तसा जमीनदारावर वाकतो. त्या क्षणी त्या खोलीत अडाणी कोण आहे? लेव्हिनला फ्रेंच बाईच्या रंगवलेल्या चेहऱ्याची किळस येते. तातार त्याला दिसतच नाही.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. माझे विद्यार्थी घरात एक भाषा बोलतात, वर्गात दुसरी आणि दुकानात तिसरी. गिऱ्हाइकाची भाषा गिऱ्हाइकापेक्षा चांगली बोलून दाखवण्यातला आनंद मी त्यांच्या तोंडावर पाहिला आहे. म्हणून हा म्हातारा मला केवळ हास्यास्पद वाटत नाही. पण त्याच्या तोंडी रशियन आहे, फ्रेंच आहे, तातार भाषेचा मात्र एक शब्द नाही, हेही नजरेआड करता येत नाही. आणि त्या भाषेच्या जवळ जाण्याची संधी टॉलस्टॉयला मिळालेली होती. १८४४ साली तो काझान विद्यापीठात अरबी-तुर्की शिकण्यासाठीच दाखल झाला होता. वर्षभरात त्याने कायद्याचा विभाग धरला आणि १८४७ मध्ये पदवी न घेताच विद्यापीठ सोडले.

मराठी साहित्यातील मुसलमानांविषयी लिहिताना आपण अजूनही मोजदाद करतो: अत्तारवाला किती, टांगेवाला किती, भला किती आणि खलनायक किती. या मोजणीत हा तातार 'भला नोकर' म्हणून एका रकान्यात पडेल आणि प्रश्न मिटेल. वास्तविक प्रश्न इथे सुरू होतो. लेखकाने त्याला एक सुख दिले, तेही मालकाच्या भाषेतले. त्याचे घर कुठे, हॉटेलातून सुटल्यावर तो कोणाशी काय बोलतो, हे दिलेले नाही. २६ रूबल आणि काही कोपेकचे बिल आणून तो निघून जातो. एरवी आपल्या वाट्याच्या, बक्षिसी धरून झालेल्या १४ रूबलांनी हबकला असता असा लेव्हिन, किटीच्या विचारात ते लक्षातही घेत नाही.

टॉलस्टॉयच्या मृत्यूनंतर १९१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हाजी मुराद'मध्येही एक जेवण आहे. रशियन सरदाराच्या घरी पाहुणा म्हणून बसलेला हाजी मुराद पुलावाशिवाय कशालाही हात लावत नाही, आणि तोही यजमानीणबाईंनी जिथून घेतला तिथूनच घेतो. त्या संशयाचे सगळे कारण टॉलस्टॉय आपल्याला देतो: शामिलच्या ताब्यातली आई, बायका, मुलगा युसुफ. त्यामुळे हाजी मुराद समजायला सोपा जातो. अँगलेटेरमधल्या म्हाताऱ्याची खुशी मला अजून तितकी सोपी झालेली नाही.