नव्वदी नेमकी कोणाची?

तुमच्या फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड येऊन गेलाच असेल. वर लिहिलेलं असतं, 'हे फक्त नव्वदीतल्या मुलांनाच कळेल'. खाली कॅसेट आणि तिच्यात घातलेली पेन्सिल, कौलांवरचा अँटेना, रामायण, महाभारत, शक्तिमान, 'अशी ही बनवाबनवी', 'आशिकी'चं पोस्टर. आणि शेवटी, किती साधे आणि सुखाचे दिवस होते ते!

माझ्या मावशीने तो मागच्या दिवाळीआधी आमच्या ग्रुपवर टाकला. मी त्या आठवड्यात प्रबंधाच्या एका प्रकरणातल्या तारखा तपासत बसले होते, तोच हात इथेही चालला. मी उत्तर दिलं : रामायण जानेवारी १९८७ ते जुलै १९८८. महाभारत ऑक्टोबर १९८८ ते जून १९९०. बनवाबनवी १९८८. शक्तिमान १९९७ ला सुरू झाला आणि २००५ पर्यंत चालला. म्हणजे मावशी, तुझ्या नव्वदीतलं निम्मं ऐंशीतलं आहे आणि उरलेल्यातलं निम्मं दोन हजारनंतरचं.

मावशीने अंगठा टाकला. त्यानंतर बरेच दिवस ग्रुपवर तिचा 'शुभ सकाळ'सुद्धा नव्हता.

पेट काढून झाली असेल आणि आता सिनॉप्सिससाठी विषय शोधत असाल, तर हे प्रकरण तुमच्या कामाचं आहे. विषय हलका वाटतो, पण आपण डेटाशी जे जे चुकीचं वागतो ते सगळं यात आहे. फॉरवर्डची चूक आहेच. माझी जास्त आहे.

आधी फॉरवर्ड. त्यात 'आपण सगळे' असं जे गृहीत धरलेलं असतं ते बघा. २००१ च्या जनगणनेत घरात टीव्ही असलेली कुटुंबं देशात ३१.६ टक्के होती. शहरात ६४.३ आणि ग्रामीण भागात १८.९. म्हणजे ज्या दशकाची आठवण 'सगळ्यांची' म्हणून फिरते, ते संपलं तेव्हा खेड्यातल्या पाचपैकी चार घरांत टीव्ही नव्हता. कौलांवरचा तो अँटेना कुणाच्या कौलांवर होता, हा प्रश्न फॉरवर्ड विचारत नाही.

मी वनस्पतिशास्त्राची. आमच्याकडे यासारखीच एक जुनी खोड आहे. हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, एखादी वनस्पती कुठे कुठे सापडली त्याच्या नोंदी असतात. त्या नकाशावर टाकल्या की वाटतं, वा, ही वनस्पती इथे इथे वाढते. नीट बघितलं तर ते ठिपके रस्त्यांच्या कडेकडेने गेलेले असतात. गोळा करणारा माणूस जिथवर गाडीने पोचला तिथवरची ती वनस्पती. नव्वदीच्या आठवणींचा नकाशाही मला असाच वाटतो. ज्यांच्याकडे कॅमेरा होता, टीव्ही होता, पुढे पेज चालवायला इंटरनेट आलं, त्यांच्या घरांवरून गेलेला रस्ता. मराठी सिनेमानेही हेच केलं. 'टाइमपास' (२०१४) मध्ये नव्वदीचं प्रेम आहे, गमतीचं आहे, मला आवडतो तो सिनेमा. पण ती नव्वदी मुंबईकडची. दारव्हा, घाटंजी, झरी जामणीची नव्वदी कुणी पडद्यावर आणल्याचं मला आठवत नाही.

'तेव्हाची गाणीच भारी' हा दावा पटकन संपवता येतो. तीस वर्षांनी जी गाणी उरतात ती गाळून उरलेली असतात, आजची मात्र आपण न गाळता ऐकतो. तुलना गाळलेल्याची न गाळलेल्याशी. शिवाय एक आठवण करून देते. नव्वदीतल्या मुलांची लाडकी 'रंगोली', दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची ती, तीत काय असायचं? जुनी गाणी. म्हणजे त्या वेळचे मोठे लोकही आपल्या आधीच्याच दशकांसाठी उसासे टाकत होते, आणि आज आपण त्यांच्या उशाशी बसून ऐकलेल्या उसाशांसाठी उसासे टाकतोय.

आता 'साधे आणि सुखाचे दिवस'. यवतमाळ जिल्ह्यात राहून हे वाक्य वाचताना घास अडकतो. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह आत्महत्या केली ती १९ मार्च १९८६ ला. दहा महिन्यांनी रामायण सुरू झालं. नव्वदीच्या शेवटीशेवटी तर आपल्या जिल्ह्याचं नाव पेपरात येऊ लागलं ते कास्तकारांच्या आत्महत्यांमुळेच. हा मुद्दा मी बरीच वर्षं हत्यारासारखा वापरला. कुणी नव्वदीचं कौतुक केलं की काढला बाहेर. एकदा बाबांवरच काढला. ते वावरातून येऊन हात धूत 'आशिकी'तलं काहीतरी गुणगुणत होते. मी म्हटलं, बाबा, तुमच्या त्या काळात होतं काय एवढं? ते म्हणाले, "गाणे बरे होते. भाव कुठं होता."

बस एवढंच. दोन वाक्यं, आणि दोन्ही एकाच वेळी खरी. माझ्या लक्षात यायला मात्र खूप उशीर झाला, की 'तो काळ चांगला होता' आणि 'मला त्या काळाची आठवण येते' हे दोन वेगळे दावे आहेत. पहिला तपासता येतो. उत्पन्न बघा, भाव बघा, बालमृत्यू बघा, वीज किती घरांत होती बघा. दुसरा आकडे दाखवून खोटा पाडता येत नाही, कारण त्यात काळाबद्दल दावा नाहीच. फॉरवर्ड दुसऱ्याच्या जोरावर पहिला विकतो, ही त्याची लबाडी. मी पहिला खोडून दुसराही खोडला असं समजत होते, ही माझी.

शब्दाचाच इतिहास बघा ना. 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द एका प्रबंधात जन्मला, हे पीएचडीवाल्यांना माहीत असायला हवं! १६८८ मध्ये बाझेलला योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने घरापासून दूर असलेल्या स्विस लोकांच्या आजाराला हे नाव दिलं. ग्रीकमधले दोन शब्द जोडले, घरी परतणं आणि वेदना. तेव्हा तो रोग होता, आणि ओढ होती ती जागेची. काळाची ओढ हा अर्थ पुढे चिकटला. मराठीत आपण 'स्मरणरंजन' म्हणतो. शब्द गोड आहे, पण त्यात रंजन राहिलं आणि वेदना गळून गेली. मला वाटतं आपली निम्मी टीका त्या भाषांतरामुळेच चुकते. आपण धरूनच चालतो की समोरचा मजा करतोय.

आता संशोधनाकडे, कारण खरी गंमत इथे आहे. या विषयावरचा खूप उद्धृत होणारा पेपर हॉलब्रुक आणि शिंडलर यांचा, १९८९ चा. त्यांनी अमेरिकेत १६ ते ८६ वयाच्या १०८ लोकांना १९३२ ते १९८६ मधली २८ लोकप्रिय गाणी ऐकवून आवड विचारली. निष्कर्ष असा, की आपण साधारण चोविशीत असताना जी गाणी आलेली असतात ती आपल्याला सर्वात जास्त आवडतात. वर्तमानपत्रांना हा आकडा फार आवडतो. तुम्ही मात्र आकड्याआधी आडव्या अक्षावर काय आहे ते बघा. तिथे आहे गाणं रिलीज झालं तेव्हाचं ऐकणाऱ्याचं वय. गाणं आलं त्याच वर्षी ते ऐकणाऱ्यापर्यंत पोचलं, हे त्यात गृहीत धरलंय. रेडिओ आणि रेकॉर्ड घरोघरी असलेल्या देशात ते चालून जाईल. आपल्याकडे?

दिवाळीत मावशीकडे गेले तेव्हा हे डोक्यात होतं. माफी मागायला गेले होते असं म्हणणं बरं दिसेल, पण खरं तर फराळाला गेले होते. मीच विषय काढला. मावशीचं माहेर, म्हणजे माझं आजोळ, घाटंजी तालुक्यात. तिने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत थोडं थोडं लिहून घेतलं.

गावात टीव्ही एका घरी. "लाईन असली तर टीव्ही, नाहीतर घरी." मोठ्या घरातली पोरं आत सतरंजीवर, आणि ही आणि हिच्यासारख्या आणखी काही जणी बाहेर, खिडकीशी. आत बोलावत नसत. का, ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आम्हा दोघींना माहीत होतं. "आवाज येत नव्हता नीट. कोण कोणाले काय म्हनते ते घरी येऊन आई सांगे, तिले पोथी पाठ." बनवाबनवी तिने टीव्हीवर पाहिलाच नव्हता. गणपतीत गावाने भाड्याने व्हिडिओ आणला होता, एका रात्रीत तीन सिनेमे, त्यातला हा तिसरा. पहाट झाली आणि कॅसेट अडकली. शेवट तिने बघितला तो लग्नानंतर. लग्न १९९३ ला, सासर यवतमाळात. तिथे पहिल्यांदा घरात टीव्ही, ब्लॅक अँड व्हाइट, समोर बसायला स्वतःची जागा. गाणी रेकॉर्डिंगच्या दुकानातून. कागदावर यादी लिहून द्यायची, तो कोरी कॅसेट भरून द्यायचा. एका बाजूला साठीतली, दुसऱ्या बाजूला 'आशिकी'.

"तू लिहिलं ना, निम्मं ऐंशीचं. असंन. माह्यासाठी ते तवाच आलं."

मी जिला चूक म्हटलं ती तिची यादी मग बरोबर ठरते. तिची नव्वदी प्रसारणाच्या तारखांवर बसत नाही. टीव्ही घरात आल्याच्या, खिडकीतून आत आल्याच्या तारखेवर बसते. ती तारीख मी विचारलीच नव्हती. मी चुकीच्या चलाने मोजलं आणि मिळालेल्या फरकाला तिची चूक म्हटलं.

आणि हो, जनगणनेचा तो १८.९ चा आकडा मी वर एवढ्या जोरात मांडला, त्याचंही इथे काय होतं बघा. मावशीचं माहेर त्या मोजणीत शून्य. टीव्ही नाही. पण महाभारत तिने पाहिलं. मालकी मोजणारा आकडा बघणं मोजत नाही. म्हणून 'पाचपैकी चार घरांना ही आठवणच नाही' असं मी म्हणू शकत नाही. उलट 'एका टीव्हीसमोर सगळं गाव एकत्र बसायचं' हे फॉरवर्डमधलं आणखी एक लाडकं वाक्य, तेही टिकत नाही. गाव जमायचं. एकत्र बसायचं का, हे सतरंजीवरच्याला विचारलं तर एक उत्तर येईल आणि खिडकीवाल्याला विचारलं तर दुसरं. हा फरक पकडणारा रकाना जनगणनेत नाही, हॉलब्रुक-शिंडलरमध्ये नाही आणि फॉरवर्डमध्ये तर नाहीच नाही. मला विचाराल तर संशोधनाचा प्रश्न इथे आहे.

माझं स्वतःचं काय? मी १९९७ ची. शक्तिमान आणि मी एकाच वर्षीचे. नव्वदीची मला एकही खरी आठवण असू शकत नाही, तरी कुमार सानूचा आवाज आला की घशात काहीतरी होतं. याचंही स्पष्टीकरण आहे. क्रुमहान्सल आणि झुपनिक यांनी २०१३ मध्ये विशीतल्या विद्यार्थ्यांना १९५५ ते २००९ पर्यंतची गाजलेली गाणी ऐकवली. आठवणी आणि भावना अपेक्षेप्रमाणे त्यांच्या स्वतःच्या काळातल्या गाण्यांशी जोडलेल्या निघाल्या, पण मध्ये आणखी एक उंचवटा आला, त्यांचे आईवडील तरुण होते त्या काळातल्या गाण्यांचा. त्याच्याही मागे, साठीच्या दशकात, अजून एक. घरात लहानपणी जे वाजतं ते वारशासारखं येतं, असा त्यांचा अंदाज. माझ्या बाबतीत तो वारसा लोडशेडिंगमध्ये आला. २००५-०६ च्या उन्हाळ्यात दिवसच्या दिवस लाईन नसे, बाबा सेलवर चालणारा टेप अंगणात आणून ठेवायचे. सेल उतरत आले की गाणं जड आणि संथ व्हायचं. माझ्या कानातला कुमार सानू थोडा संथच आहे.

तर प्रश्नावली बदलली आहे. माझ्या प्रबंधाचा हा विषय नाही, गाईडना कळलं तर ओरडतील, पण नात्यातल्या लोकांना विचारून वहीत लिहायला सुरुवात केली आहे. रकाने असे : काय, केव्हा आलं, तुमच्यापर्यंत केव्हा पोचलं, कोणाच्या घरी, कुठे बसून. शेवटचा रकाना मी आधी ठेवला नव्हता. तुम्ही घरी करून बघणार असाल तर तो ठेवा, आणि तो शेवटी विचारा. आधी विचारलात तर लोक गप्प होतात, दोनदा तसं झालं माझं.

मावशीची ओळ पहिली आहे. महाभारत. १९८८. तेव्हाच. दुसऱ्यांच्या घरी. खिडकीशी, उभं राहून. त्याच्याखाली तिने माझ्या हातातून पेन घेऊन स्वतः एक ओळ वाढवली : महाभारत, लॉकडाऊन, माझ्या घरी, सोफ्यावर, पूर्ण.