व्यक्तिनिंदा, अर्थांतर आणि आप्तत्व

मराठी वाङ्मयीन वादांत ‘वैयक्तिक टीका’ हा शब्दप्रयोग निर्णायक आक्षेप म्हणून योजण्याची रूढी आहे. तो उच्चारला की मूळ मुद्द्याचे उत्तर देण्याची जबाबदारी संपली, असा समज दिसतो. वस्तुतः या एका संज्ञेखाली शिवीगाळ, हेत्वारोप, ‘तुम्हीही तेच करता’ हे प्रत्युत्तर आणि वक्त्याच्या विश्वासार्हतेची चौकशी अशा भिन्न गोष्टी एकत्र कोंबल्या जातात. त्यांतील शेवटची दोष आहेच असे म्हणता येत नाही.

न्यायसूत्रांत २२ निग्रहस्थाने सांगितली आहेत. त्यांत व्यक्तिनिंदेला स्वतंत्र नाव नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. प्रकृत विषयाशी असंबद्ध बोलणे हे ‘अर्थांतर’. स्वपक्षावरील दोषाचे निवारण न करता तोच दोष परपक्षावर लादणे ही ‘मतानुज्ञा’. अर्थात शास्त्रकारांची दृष्टी असभ्यतेवर नसून विषयच्युतीवर आहे. (चरकसंहितेच्या विमानस्थानात तर विगृह्यसंभाषेत रागीट प्रतिपक्षीस दमवावे, भित्र्यास घाबरवावे, असा रोखठोक उपदेश आहे. वैद्यांच्या सभा सौम्य नसाव्यात!) मराठीने ‘वितंडा’ हा शब्द घेतला, पण स्वपक्ष न मांडता केवळ परपक्षाचे खंडन करणे हा त्याचा नेमका अर्थ टाकून ‘निरर्थक भांडण’ एवढाच ठेवला. अशा झिजेमुळेच ‘वैयक्तिक’ या ढोबळ विशेषणावर भिस्त ठेवावी लागते.

मात्र त्याच दर्शनात आप्ताचा उपदेश हे शब्दप्रमाण मानलेले आहे. जेथे वक्ता स्वतःचा शब्दच प्रमाण म्हणून पुढे करतो, तेथे त्याला विषयाचे ज्ञान आहे काय आणि तो यथार्थ सांगू इच्छितो काय, हे पाहणे प्रमाणपरीक्षेचाच भाग होय. अनुमानाच्या बाबतीत मात्र हेतू तपासावा लागतो. तो कोणी मांडला हा प्रश्न तेथे गैरलागू ठरतो.

या कसोटीवर विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि जोतीराव फुले यांचे प्रकरण पुन्हा पाहण्यासारखे आहे. १८७४ साली सुरू झालेल्या ‘निबंधमाले’त चिपळूणकरांनी फुल्यांच्या भाषेची व व्याकरणाची यथेच्छ टवाळी केली. ‘गुलामगिरी’तील (१८७३) व्युत्पत्ती आणि अवतारकथांचे ऐतिहासिक अर्थ ही अनुमाने होती; भाषाशास्त्राच्या आधारे ती खोडणे शक्य होते. तेथे लेखकाच्या शुद्धलेखनाचा उपहास हे उघड अर्थांतर होय. आणि शूद्रातिशूद्रांच्या स्थितीविषयी फुले जे सांगतात, तेथे ते साक्षीदार आहेत. त्यांच्या आप्तत्वाची चौकशी अवश्य व्हावी, परंतु ती त्यांनी काय पाहिले यावरून, विभक्तिप्रत्ययांवरून नव्हे. चिपळूणकरांचे गद्य मराठीला ललामभूत ठरले, म्हणून त्यांतील हा तर्कदोष शैलीच्या झगमगाटात सहज निसटतो.

फुल्यांच्या लेखनातही एका संपूर्ण समूहावर हेत्वारोप आहेत. त्यांचे समर्थन चिपळूणकरांच्या उपहासाकडे बोट दाखवून करू पाहणारा अभ्यासक मतानुज्ञेच्याच निग्रहस्थानी सापडतो.