सपाट झालेल्या खिडक्या

मुंबईत पश्चिम दिशा ही वास्तुकाराची कायमची पंचाईत आहे. समुद्र तिकडे, वाराही तिकडून. आणि दुपारनंतरचं ऊन व पावसाळ्यातल्या तिरप्या सरीसुद्धा तिकडूनच. छज्जा माथ्यावरचं ऊन अडवतो, पण मावळतीकडे कललेलं ऊन त्याच्याखालून थेट पलंगापर्यंत पोचतं. त्यामुळे इथल्या इमारतीची पारख तिच्या पश्चिमेच्या खिडकीवरून करावी. या कसोटीवर अलीकडचे बहुतेक चकचकीत मनोरे नापास होतात.

चार्ल्स कोरियांची कंबाला हिलवरची ‘कांचनजंगा’ (१९८३) मात्र आजही उत्तीर्ण होते. २८ मजले, अवघ्या ३२ सदनिका. जुन्या बंगल्याभोवती व्हरांडा असे. कोरियांनी तोच उचलून आकाशात नेला. इमारतीचे कोपरे कोरून त्यांत दोन मजले उंचीच्या गच्च्या बसवल्या. ऊन आणि पाऊस त्या गच्चीतच आपला जोर संपवतात. दिवाणखान्यात येतो तो मवाळ झालेला उजेड. सदनिका पूर्व-पश्चिम आरपार असल्याने वारा खेळतो. समुद्र दिसतो, पण सावलीत बसून. देखावा आणि हवामान यांत निवड करावी लागत नाही, हे या इमारतीचं खरं यश. अर्थात ती श्रीमंतांची इमारत, हेही विसरू नये.

जुन्या घरांनी देखाव्याची फारशी फिकीर केली नव्हती. पुण्याचे वाडे रस्त्याकडे जाड भिंत करून बसत आणि चौकातून उजेड घेत. त्या वास्तुरचनेचे गोडवे गाताना माजघरातला काळोख मात्र सोयीस्करपणे वगळला जातो. तिथे दिवस काढणाऱ्या बायकांना ना उजेड होता, ना रस्ता. गोव्यातल्या जुन्या घरांनी खिडक्यांना शिंपल्यांचे पातळ पापुद्रे बसवले. बाहेरचं दिसत नसे, पण खोलीभर दुधाळ उजेड पसरे. चाळीची गॅलरी तर ऊन, पाऊस आणि शेजार, तिन्ही झेलत आली.

या सगळ्यांत एक गोष्ट समान होती: बाहेर आणि आत यांच्यामध्ये काही हातांची जागा होती. आजच्या मनोऱ्यात ती काही मिलिमीटरच्या काचेवर आली आहे. ‘सी व्ह्यू’ विकला जातो, पडदे ओढले जातात आणि दिवसभर एसी चालतो. जिथे बाल्कनी उरली आहे, तिथेही स्लायडिंग लावून ती खोलीत घेतली जाते. जागेच्या भावामुळे हे समजण्यासारखं आहे. वास्तुकारांनी त्याला आधुनिकता म्हणावं, हे नाही.

नियमही तोकडे पडतात. राष्ट्रीय बांधकाम संहिता दमट-उष्ण प्रदेशात खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश इतकं उघडं क्षेत्र मागते. पण खिडकीसमोर समुद्र आहे की शेजारच्या इमारतीची भिंत, हे त्या आकड्यात दिसत नाही. दाटीवाटीच्या पुनर्वसन इमारतींतल्या खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवे लागतात, आणि कागदावर खिडकी पुरेशी असते. या घरांच्या उजेडाचा प्रश्न आपल्या वास्तुसमीक्षेने जवळजवळ सोडूनच दिला आहे.

घर घ्यायला निघालेल्यांना एकच सांगणं: सॅम्पल फ्लॅटवर जाऊ नका. मे महिन्यात दुपारी चार वाजता, तुमच्याच मजल्यावर, एसी आणि दिवे बंद करायला लावून, पश्चिमेच्या खोलीत अर्धा तास बसा. मग भावाचं बोला.