‘कासाब्लांका’ : लोकप्रियता आणि योग्यता

एखादी कलाकृति पिढ्यान्‌पिढ्या लोकांस आवडत राहिली, एवढ्यावरून ती श्रेष्ठ ठरते काय? नाटक-कादंबरीपुरता हा प्रश्न आपल्या टीकाकारांनीं पुष्कळ घासूनपुसून पाहिला आहे. चित्रपटाची वेळ आली कीं मात्र आपण एकतर त्यास करमणूक म्हणून सोडून देतों, नाहींतर जुन्या आठवणींच्या भरांत त्याच्यावर फुलें उधळतों. १९४२ सालीं वॉर्नर ब्रदर्स या हॉलिवुडच्या कंपनीनें काढलेल्या ‘कासाब्लांका’च्या वांट्यास हे दोन्ही अन्याय आलेले आहेत.

कथानक बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. काळ डिसेंबर १९४१ चा. नाझींपुढून पळालेले निर्वासित मोरोक्कोंतील कासाब्लांका शहरीं अडकून पडले आहेत. तेथें कॅफे चालविणारा रिक हा अमेरिकन. पॅरिसमध्यें त्याला सोडून गेलेली इल्सा एके रात्रीं पतीसह त्याच कॅफेंत येते. पति लास्लो हा छळछावणींतून निसटलेला पुढारी. रिकच्या हातीं दोघांस बाहेर पडतां येईल असे परवाने आलेले आहेत. ते कोणास द्यावयाचे, एवढाच प्रश्न.

हे परवाने म्हणजे निव्वळ कल्पित वस्तु आहे. ज्यांवर कोणासहि आक्षेप घेतां येत नाहीं असे कागद जगांत कोठें असतात? आणि जो जर्मन मेजर लास्लोवर टपून बसला आहे, तो त्या कागदांपुढें हात बांधून कां उभा राहील? परंतु हा दोष मला फारसा बोंचत नाहीं. शाकुंतलांतील मुद्रिका तरी काय आहे? नाट्याला एक खुंटी लागते. तिच्यावर वस्त्र मोलाचें टांगलें असेल, तर खुंटीचें लाकूड कोणी तपासीत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. इटालियन पंडित उंबेर्तो एको यांच्या मतें हा चित्रपट म्हणजे ठराविक, वापरून गुळगुळीत झालेल्या प्रसंगांचा साठा होय. यांत तथ्य आहे. मूळ नाटक त्यापूर्वीं रंगभूमीवर आलेंच नव्हतें. एप्स्टाइन बंधु व हॉवर्ड कॉख यांच्या हातून पटकथा फिरत राहिली, आणि चित्रण सुरू झालें तेव्हां ती पुरी झालेली नव्हती. अशा गोधडीला एकच वीण कोठून असणार? तरीहि एका प्रसंगापाशीं हें मत मला अपुरें वाटतें.

जर्मन अधिकारी पियानोभोवतीं जमून आपलें देशभक्तीचें गाणें म्हणत असतात. लास्लो वाद्यवृंदाकडे जाऊन ‘मार्सेलेज’ वाजविण्यास सांगतो. वादक रिककडे पाहतात. रिक किंचित् मान हलवितो. मग सारा कॅफे उभा राहून गाऊं लागतो. या प्रसंगाची थोरवी सांगतांना, त्यांतील कित्येक नटनटी खरेखुरे निर्वासित होते, असें आवर्जून सांगण्याची पद्धत आहे. तें खरेंच आहे. गातांना रडणारी माद्लेन लबो १९४० सालीं फ्रान्समधून पळालेली. जर्मन मेजर झालेला कॉनराड फाइटहि नाझींमुळेंच देश सोडून गेलेला. ही माहिती हृदयास भिडते. पण मूल्यमापनांत ती धरूं नये. नटाचें स्वतःचें दुःख म्हणजे रस नव्हे, हें अभिनवगुप्तानें हजार वर्षांपूर्वीं सांगून ठेविलें आहे. प्रसंगाचें खरें सामर्थ्य रिकच्या त्या मान हलविण्यांत आहे. कोणाच्या भानगडींत पडावयाचें नाहीं असें म्हणत आलेला मनुष्य एकहि शब्द न बोलतां पक्ष घेतो, आणि त्याची किंमत लगेच भरतो : कॅफे बंद करण्याचा हुकूम सुटतो. हें जुन्या चिंध्यांचें काम नव्हे.

भारतीय प्रेक्षकाला मात्र येथेंच एक खडा लागतो. ज्या भूमीवर हें स्वातंत्र्याचें गीत घुमतें, ती १९१२ पासून १९५६ पर्यंत फ्रेंचांच्याच अमलाखालीं होती. तेथील मूळ रहिवासी चित्रपटांत रस्त्यांतून, बाजारांतून दिसतात. बोलण्यासारखें त्यांच्या वांट्याला जवळजवळ कांहींच नाहीं. पियानो वाजविणारा सॅम चांगला प्रौढ गृहस्थ. त्याचा उल्लेख इल्सा ‘पोरगा’ म्हणून करते. लेखकांनीं हें हेतुतः केलें नसावें. म्हणूनच तें अधिक लागतें.

शेवटाबद्दल बोलावयाचें तर, विवाहितेनें पतीला सोडून प्रियकराबरोबर निघून जावें, हें त्या काळच्या हॉलिवुडच्या नीतिसंहितेंत बसणारें नव्हतें. पण बंधनांतून निपजलें म्हणून काव्य हिणकस होत नाहीं. तसें मानलें तर आपली सारी वृत्तबद्ध कविता टाकून द्यावी लागेल. माझी तक्रार निराळी आहे. आदल्या रात्रीं इल्सा रिकवर पिस्तूल रोखते, तें तिच्यानें झाडवत नाहीं, आणि दोघांच्या वतीनें तूंच काय तो विचार कर, असें सांगून ती मोकळी होते. विमानतळावर तिला केवळ निकाल ऐकविला जातो. त्याग दोघांचा, निर्णय एकट्याचा! शेवट ठरलेला नसल्यामुळें आपण कोणावर प्रेम करावयाचें हेंच आपणांस कळत नव्हतें, असें इन्ग्रिड बर्गमन यांनीं पुढें सांगितलें. त्यांच्या मुद्रेवरील घालमेल अप्रतिम आहे. परंतु मुद्रेवरचें द्वंद्व पात्राच्या कृतींत उतरलें नाहीं. नोराला ओळखणाऱ्या वाचकाचें एवढ्यानें समाधान होणार नाहीं. या एका उणीवेमुळें, अकॅडमीचीं तीन पारितोषिकें मिळूनहि, मी या चित्रपटास पहिल्या पंक्तीला बसवूं इच्छीत नाहीं. दुसऱ्या पंक्तींत त्याच्या आधीं बसेल असा चित्रपट मात्र मला चटकन् आठवत नाहीं.

क्लॉड रेन्सनें उभा केलेला पोलीस अधिकारी रेनो मला रिकहूनहि सरस वाटतो. जुगार चालतो म्हणून तो कॅफे बंद करवितो, आणि त्याच क्षणीं जुगारांत जिंकलेले पैसे खिशांत घालतो. अखेरीस तो व्हिशीच्या पाण्याची बाटली केराच्या टोपलींत टाकतो, तेव्हां त्याचें परिवर्तन आपणांस पटतें. कारण रिकबरोबर धुक्यांत चालूं लागल्यावरहि त्याच्या तोंडीं दहा हजार फ्रँकांच्या पैजेची गोष्ट आहेच.